ट्रॅक्टर दम का सोडतो? : खडकीच्या इंजिनापासून गटाच्या ट्रॅक्टरपर्यंत

बचत गटाच्या बैठकीत काय बोललं जातं? हप्ता कुणाचा राहिला, मसाल्याची ऑर्डर कुठून आली, बँकेत कोण जाणार. पण पुणे शहराच्या कडेला, म्हणजे २०१७ आणि २०२१ साली महापालिकेत आलेल्या गावांमध्ये आणि त्यांच्या पलीकडच्या वस्त्यांवर आमचे जे गट आहेत, तिथे हल्ली वेगळीच वाक्यं कानावर येतात. "काळा धूर टाकतोय." "सेल्फ मारला की नुसता टकटक करतो." "रोटर जमिनीला लागला की दम सोडतो." ही वाक्यं बोलणाऱ्या बायका आहेत, आणि बोलणं चाललंय त्यांच्या गटाच्या मिनी ट्रॅक्टरबद्दल.

म्हणून आज आम्ही ट्रॅक्टरच्या इंजिनाची गोष्ट सांगणार आहोत. दुखणं-खुपणंही सांगू, पण आधी हे यंत्र आपल्या दारात आलं कसं ते बघू. कारण एवढा लहान ट्रॅक्टर का बनवावा लागला, याचं उत्तर पुण्याच्या जवळच सापडतं.

पिंपळे सौदागर तुम्हाला माहीत आहे. आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे, पंधरा-वीस मजली सोसायट्या आहेत, मोठमोठे मॉल आहेत. शंभर वर्षांपूर्वी ते मुळा-पवनेच्या पट्ट्यातलं एक साधं शेतीचं गाव होतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन या एका गावाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९१७ साली तो पुस्तकरूपाने छापला. जुनी दप्तरं काढून त्यांनी मांडलं की १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१५ साली ७ एकरांवर. बरं, ते सात एकरही एका जागी नाहीत! गावात सातशेहून जास्त तुकडे, आणि त्यातले निम्म्याहून अधिक एका एकरापेक्षा लहान. दर पिढीला भावाभावांत वाटणी, आणि वाटणी करताना प्रत्येकाला चांगल्यातलं थोडं, वाईटातलं थोडं.

हे एका गावाचं झालं. राज्याचं बघायचं तर १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टर झालं, म्हणजे सव्वातीन-साडेतीन एकर. आता सांगा, अशा रानात पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घातला तर तो वळणार कुठे? शेजाऱ्याच्या बांधावर?

आता जरा मागे, लोखंडाकडे जाऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, पण घेईना कुणी. लोखंडाने जमिनीत विष भिनतं असा शेतकऱ्यांचा समज. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. आपल्या गटाचं नवं उत्पादन महिनाभर खपलं नाही की आपण हिरमुसतो, त्यांना ही गोष्ट आम्ही नेहमी ऐकवतो. पुढे १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन दिली आणि तिथे किर्लोस्करवाडी वसली. याच वाडीतून १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केलं. एकाच आवारात नांगर ओतले जायचे आणि बायकांसाठी मासिक छापलं जायचं. मासिक बायकांच्या हातात आलं. नांगर आणि इंजिन मात्र फार उशिरा आलं.

इंजिनाकडे येऊ. डिझेल हे माणसाचं आडनाव आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली आउग्सबुर्ग इथे आपलं इंजिन नीट चालवून दाखवलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर या जातीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. आपल्याकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधानही होते. भारतातलं पहिलं डिझेल इंजिन १९३०च्या दशकात बनवल्याचा मान या साताऱ्याच्या कारखान्याला दिला जातो. आणि मग १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी उभी राहिली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव, अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून आलेले, त्यामागे होते.

खडकीच्या इंजिनाने काय केलं हे समजायचं तर आपल्या आजीला विचारा. विहिरीवर मोट होती तोवर बैलजोडी आणि मोटकरी पहाटेपासून गुंतलेले, आणि पाटाच्या दुसऱ्या टोकाला दारं धरायला बाई. मोट गेली, इंजिन आलं. पाच हॉर्सपॉवरचं उभं इंजिन, शेजारी थंड पाण्याची टाकी, हँडल मारून सुरू करायचं. लांबवर पुक-पुक-पुक असा आवाज. बैल सुटले, मोटकरी सुटला. दारं धरणारी बाई मात्र तिथेच राहिली, उलट पाणी जोरात यायला लागल्यामुळे तिची धावपळ वाढली. इंजिनाच्या खोपटात मात्र तिने जायचं नाही. हँडल उलटं बसलं तर मनगट मोडतं, ही भीती खरी होती. पण फिल्टर बदलताना कुणाचं मनगट मोडत नाही. तरी तेही काम तिचं नव्हतं.

याच इंजिनांनी गावोगाव एक नवा माणूस तयार केला, तो म्हणजे इंजिन मिस्त्री. शाळा फारशी नाही, पण आवाजावरून सांगेल की नोझल गेलंय का व्हॉल्व्ह. आमच्या मते महाराष्ट्राच्या शेतीच्या इतिहासात या मिस्त्र्यांवर कुणीतरी पुस्तक लिहायला हवं. पाऊस तोंडावर आला की सगळा गाव त्यांच्या दारात. ज्ञान मोठं, पण ते बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून पोऱ्याकडे गेलं. मुलींकडे आलं नाही.

ट्रॅक्टरचा इतिहास थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ ला, केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली आणि अमेरिकन सैन्याने मागे सोडलेले ट्रॅक्टर कांस गवताने भरलेल्या जमिनी मोडायला लावले गेले. १९५९ मध्ये फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६३ पासून महिंद्रा या धंद्यात आली. हे सगळे ट्रॅक्टर मोठ्या रानांसाठी होते. लहान शेताचा विचार जपानने आधी केला, कारण तिथेही भाताची खाचरं एवढीएवढीशीच. १९६७ साली बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने जपानच्या मित्सुबिशीशी हात मिळवला. त्यातून आधी पॉवर टिलर आले, पुढे साडेअठरा हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर. राजकोटकडच्या कारखान्यांनीही एका सिलिंडरचे छोटे ट्रॅक्टर काढले. आपल्याकडे नारायणगाव-जुन्नरच्या आणि नाशिकच्या द्राक्षबागांनी या ट्रॅक्टरला उचलून धरलं. वेलींच्या दोन ओळींतून जेमतेम साडेतीन फुटांचं वाहन सुखाने जातं. आपल्या मांजरीत १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्या बाजूने जाताना हे ट्रॅक्टर फवारणीचा पंप घेऊन फिरताना दिसतात.

गटाच्या दारात मात्र हा ट्रॅक्टर आला तो सरकारी योजनेमुळे. सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी ९ ते १८ हॉर्सपॉवरचे मिनी ट्रॅक्टर आणि त्यासोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर अशी योजना काढली. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार अनुदान. उरलेले ३५ हजार गटाचे. गटात किमान ८० टक्के सदस्य या घटकांतले हवेत, अध्यक्ष आणि सचिवही. ट्रॅक्टर विकायचा नाही, गहाण टाकायचा नाही.

पस्तीस हजार ऐकायला थोडे वाटतात. आमच्या एका गटात दहा बायकांनी महिन्याला शंभर रुपये टाकून ते जमवले, त्याला अडीच वर्षांहून जास्त काळ गेला. या बायकांपैकी कित्येकींच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी कायद्याची दुरुस्ती केली, ती देशाच्या अकरा वर्षं आधी. पण मुळात घरात जमीनच नसेल तर वाटा कशाचा? त्यांच्यासाठी ट्रॅक्टर ही पहिली मोठी मिळकत. तो दुसऱ्यांच्या रानात भाड्याने चालतो आणि त्यावर गटाचं पोट भरतं. जूनमध्ये आठ दिवस तो बंद पडला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि पुढच्या वर्षीही तिकडेच जातं.

म्हणून आता इंजिनात डोकावू. घाबरू नका, आत फक्त तीन गोष्टी लागतात : हवा, डिझेल आणि दाब. सायकलचा पंप मारताना त्याची नळी गरम होते ना? डिझेल इंजिनात हवा तशीच, पण सोळा-अठरा पट दाबतात. ती इतकी तापते की तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडला की आपोआप पेट घेते. ठिणगी लागत नाही, प्लग नाही. फवारा सोडतं ते नोझल. रोटर जमिनीत शिरला, ओझं वाढलं, फेरे कमी झाले, की गव्हर्नर नावाचा भाग आपणहून डिझेल वाढवतो. एवढं कळलं की निम्मा आजार कळला.

धूर बघायला शिका. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणी मारली नाही की काय होतं, तेच. आधी एअर क्लिनर उघडा. पुष्कळ मिनी ट्रॅक्टरांना त्याच्या तळाशी ऑइलची वाटी असते, धूळ त्यात बसते. पुण्याच्या कडेला शेतीची धूळ आणि बांधकामाची धूळ दोन्ही, त्यामुळे कोरड्या रानात रोटर मारत असाल तर वाटी रोज बघा. वाटी स्वच्छ असेल तर मग ओझं जास्त आहे का, गिअर चुकीचा आहे का ते बघा. नोझलची शंका त्यानंतर. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय : ऑइल जास्त भरलंय, नाहीतर रिंगा झिजल्यात. पांढरा धूर सकाळी गार इंजिनाला थोडा वेळ आला तर काळजी नाही, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेटची शंका घ्या आणि ट्रॅक्टर थांबवा.

आणि धूरच नाही, पण दम सोडतो, असं असेल तर? मग हवा दोषी नाही, डिझेल पोहोचत नाहीये.

आमच्या एका गटाच्या ट्रॅक्टरला पावसाच्या तोंडावर नेमकं हेच झालं. वीस-पंचवीस मिनिटं छान चालायचा, मग आवाज बसत जायचा आणि बंद. अर्धा तास उभा ठेवला की पुन्हा सुरू. चालवणारा गटातल्याच एका ताईंचा मुलगा. त्याने फिल्टर बदलला. स्क्रू सैल करून नळीतली हवा काढली, बुडबुडे थांबेपर्यंत. दोन दिवस बरा, तिसऱ्या दिवशी तेच. मिस्त्री आले, ऐकून म्हणाले, पंप उतरवावा लागेल, बावीस हजार धरून चाला. गटाच्या खात्यात तेव्हा एकोणीस हजार होते. एक सदस्य म्हणाली, अंतर्गत कर्जाचे पैसे वळवू. दुसरी म्हणाली, माझ्या मुलीची फी त्यातूनच भरायची आहे. बैठकीत आवाज चढले. ट्रॅक्टर एखाद्या ठेकेदाराला वर्षाच्या बोलीवर देऊन टाकावा, बायकांचं हे काम नाही, असंही कुणीतरी बोललं.

त्या गटात एक मावशी आहेत. शिक्षण चौथी. वडापावच्या गाडीवर वीस वर्षं काढलेली. त्यांनी विचारलं, बंद पडल्यावर कधी टाकीचं झाकण उघडून बघितलं का? मुलगा म्हणाला, डिझेल भरपूर आहे, काटा दिसतो. मावशी म्हणाल्या, डिझेलचं नाही विचारत. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुटगुट करतं आणि थांबतं. समोर दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. तुझ्या टाकीला दुसरं भोक आहे का?

होतं. टाकीच्या झाकणालाच बारीक छिद्र असतं, डिझेल खाली उतरेल तशी वरून हवा आत यावी म्हणून. पण पावसाचं पाणी डिझेलमध्ये जाऊ नये या काळजीने झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी गच्च बांधलेली होती, रबरबँड लावून. पाणी डिझेलचं वाटोळं करतं हे खरंच, काळजी चुकीची नव्हती. पण त्या पिशवीने हवेची वाट बंद झाली. डिझेल उतरेल तसतशी टाकी आतून ओढायला लागायची, मग नळीत डिझेल येईना. अर्ध्या तासात कुठून तरी हवा झिरपली की पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी बंद पडल्याबरोबर झाकण सैल केलं. सुस्स आवाज आला आणि ट्रॅक्टर चालू झाला. पिशवी काढली, छिद्रात अडकलेला चिखल टाचणीने काढला. पावसासाठी वर उपडा डबा टेकवला, सैल. खर्च शून्य.

मिस्त्री वाईट होते असं आम्ही म्हणणार नाही. दिवसाला दहा ट्रॅक्टर बघणारा माणूस ऐकीव लक्षणावर बोलतो. पण दुखणं हाल्याला आणि औषध पखालीला, असं होऊ नये म्हणून आधी स्वस्त आणि वरवरचं तपासायचं, मग महाग आणि आतलं. झाकण, नळीला चिमटा बसलाय का, फिल्टर, फिल्टरखालच्या वाटीत पाणी साचलंय का, मग नळीतली हवा. पंप आणि नोझल सगळ्यात शेवटी. नोझल दोनशे किलोच्या आसपासच्या दाबाने फवारा सोडतं, ते घरी उघडायचं काम नाही. आणि चालू इंजिनात फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नका, डिझेल कातडीतून आत शिरतं, दवाखान्यात पळावं लागतं.

सुरूच होत नसेल तर? सेल्फ टकटक करतो म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर टर्मिनल काढून कोमट पाण्याने धुवा, पुसून घट्ट बसवा. अजिबातच आवाज नसेल तर पीटीओचा दांडा चालू स्थितीत राहिलाय का, क्लच पूर्ण दाबलाय का बघा. पुष्कळ ट्रॅक्टरांत सुरक्षेसाठी तसं केल्याशिवाय सेल्फ फिरतच नाही. तापत असेल तर रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि गवत अडकलंय का, पंख्याचा पट्टा ढिला आहे का बघा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कुकरचं झाकण उघडता का तुम्ही शिट्टी होत असताना?

या प्रसंगानंतर त्या गटाने एक वही केली. जमाखर्चाची वेगळी, ही ट्रॅक्टरची. तारीख, मीटरवरचे तास, कुणाच्या रानात, डिझेल किती लिटर, ऑइलची पातळी, धुराचा रंग, काही वेगळा आवाज. लिहायचं काम आळीपाळीने, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं पोरं लिहितात. डिझेल एकरी किती लागतं याचा अंदाज पहिल्या महिन्यातच आला, आणि एका आठवड्यात ते एकाएकी वाढलेलं दिसलं तेव्हा एअर क्लिनरची वाटी चिखल झालेली निघाली. मिस्त्री आता आले की आधी वही मागतात. गटातल्या तिघी जणी ट्रॅक्टर चालवायला शिकताहेत, दोघींचं शिकाऊ लायसन्स निघालंय. मावशींनी मात्र चालवायला नकार दिला आहे. त्या म्हणतात, माझे गुडघे क्लच दाबायचे राहिले नाहीत, मी ऐकायचं काम करते.

परवा वहीत शेवटची नोंद होती ती अशी : मीटर ६४२ तास. ऑइल ६५० ला बदलायचं. झाकण बघितलं.